भीमराज नायकाचं उरलेलं कडवं

“हंसा, इथं थांबायचं. पुढचं चार माणसांत म्हणायचं नाई.”

सासऱ्यांचा, धरमसिंगांचा हा आवाज हंसाबाईनं ऐकला तेव्हा ती तांड्यावर नवी सून होती. बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घालणाऱ्या भीमराज नायकाचं गाणं त्यांनी तिला थाळीच्या तालावर शिकवलं. दोन राजांची लढाई लागते, अन् दोन फौजांच्या मधोमध भीमराज उभा राहतो. तिथं थाळी थांबायची. पन्नास वर्षं ती तिथंच थांबत आली.

आज त्या भीमराजाच्या स्मारकाचा दगड उघडायचा होता. दारव्ह्याहून जीपा भरभरून पाहुणे उतरत होते. नगारा असा घुमत होता की हंसाबाईच्या हातातली थाळी न वाजवताच थरथरायची. झाकलेल्या दगडावर तिच्या मुलानं, सुनीलनं, कोरून घेतलं होतं : ‘वीर भीमराज नायक. रणात लढता लढता कामी आले.’

“लढून मेला, हे तुले कोनं सांगतलं रे?”

“मंग फौजायच्या मधात माणूस कायले उभा राह्यते, याडी? हवा खायले?” सुनीलनं आईलाच उलट विचारलं.

सून शीला हसली. “यायले लढाईच पायजे. आठ दिवसापासून टीव्हीवर युद्धाच्या बातम्या बंद नाई. भाकर खाता खाता सरहद्द ओलांडून राह्यले.”

“ओलांडाचीच हाये. एकदाची होऊन जाऊ दे,” सुनील म्हणाला. त्याचे डोळे लखलखत होते. “आपल्या रक्तातच हाये ते. याडी, आज असं म्हण, का पोरायच्या अंगावर काटा आला पायजे.”

पुढचं कडवं म्हटलं तर पाहुण्यांदेखत लेकाचा दगड खोटा पडणार होता. नाही म्हटलं, तर तिच्यामागं ते कुणालाच ठाऊक उरणार नव्हतं.

तिनं थाळी धरली. आवाज सत्तरीतला, पण रानभर गेला :

“दोन राजांच्या फौजा, मधी आटलेली नदी,
मधोमध भीमराज उभा, मागं बैलांची मांदी...”

टाळ्या कडाडल्या. सुनीलनं दगडावरच्या फडक्याला हात घातला.

थाळी मात्र वाजतच राहिली. माणसं माना वळवून बघू लागली. मग तिनं ती छातीशी दाबली.

“थांब, सुनील. तो लढला नाई. दोनी फौजा उपाशी होत्या, हात टेकले होते त्यायनं. त्या दिवशी तह होनार होता. तेवढ्यात आपले बैल पोचले. अर्धा दाना इकडं देल्ला, अर्धा तिकडं. दोनी फौजा जेवल्या, अन् पुन्हा लढाले उठल्या. दिवस बुडेपर्यंत मैदानात उभा माणूस राह्यला नाई. हे कोन्या तोंडानं सांगावं, म्हणून मामाजी, तुहा आजा, मले थांबवत. भीमराज म्हातारा होऊन बाजेवर मेला, बाप्पा. पण त्या दिवसापासून त्यानं बैलावर दाना लादला नाई, नुसतं मीठ लादलं.”