तिखटाचा काय दोष

"परत एकदा सांगा," मावशी डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आणि जरा यांच्याकडे बघून सांगा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे बरं झालं. त्यांनी खुर्ची मावशीच्या नवऱ्याकडे वळवली आणि पुन्हा सांगितलं, की पोटातल्या या जखमेचा तिखटाशी काही संबंध नाही. जठरात जंतू आहे, आणि तो फार जुना आहे. दुर्बीण घालून आतला जो तुकडा काढला होता, त्यात तो सापडला.

नवरा आपल्या चपलांकडे बघत राहिला. ऐका, मावशी मनात म्हणाली, नीट कान देऊन ऐका. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून त्याच्या पोटात आग पडत होती, आणि तेव्हापासूनच त्याचं खापर तिच्या मिरचीवर फुटत होतं.

मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. मावशी हे नाव तिथलंच. तिच्या हाताला अशी चव, की मुली ताट चाटूनपुसून ठेवायच्या. आणि घरी? घरी सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, की माझ्या धडधाकट पोराच्या पोटाची हिने राख केली. मावशीने आधी मिरची कमी केली, मग बंदच केली, पुढे फोडणीसुद्धा सोडली. सगळं घर मिळमिळीत खायला लागलं, तीही. तरी आग विझली नाही आणि बोलणीही थांबली नाहीत. नवऱ्याने कधी तिला वेडंवाकडं म्हटलं नाही, पण तिच्या बाजूने कधी ब्रसुद्धा काढला नाही. मान खाली घालून जेवायचा, मेला.

"पण मग अंगाने इतकी वर्षं काहीच कसं केलं नाही?" तिने विचारलं. "सर्दीताप कसा आपला आपण बरा होतो."

"केलं ना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी केव्हाच धावून आल्यात, अजून लढतायत. पण जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर असतो, त्यात हा जंतू दडून बसतो. तिथे त्यांचा नीट हात पोचत नाही. तो जात नाही, त्या हटत नाहीत, आणि सुजते ती जठराची भिंत. आता औषधानेच त्याला हुसकावायचं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे पोटातसुद्धा हेच चाललंय! करणारा आत मजेत बसलाय आणि सोसायचं कुणी, तर भिंतीने.

हा जंतू आला कुठून, एवढं मात्र नवऱ्याने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की नक्की कुणालाच सांगता येणार नाही. बहुतेक वेळा तो लहानपणीच शिरतो, घरातल्याच कुणाच्या तरी तोंडातून. कुणी आपल्या तोंडात चावून मऊ केलेला घास भरवायचं का, असं त्यांनी सहज विचारलं.

नवऱ्याचा चेहरा पार उतरला. कारण सासूबाईंची मिरवायची गोष्ट हीच तर होती. पोरगा लहानपणी अगदी काडीसारखा होता, आपण प्रत्येक घास चावून त्याला भरवला, म्हणून तो जगला.

बसमध्ये बसल्यावर त्याला कंठ फुटला. आईला यातलं काही सांगू नकोस म्हणाला. या वयात ती जिवाला लावून घेईल.

"मग काय सांगू?"

"काही नको. आहे तसं चालू दे."

आहे तसं! म्हणजे दोष आपला मावशीकडेच राहू दे. "तुमच्या आईला जीव आहे," ती म्हणाली, "आणि मी काय दगड आहे?" तो खिडकीबाहेर बघायला लागला. उतरेपर्यंत मावशीने ठरवून टाकलं. जंतू होता, मिरची नव्हती, एवढं ती सांगणार, मग कुणाला काही वाटो. तो कुठून आला ते नाही सांगायचं. म्हातारीला रडवून तिला काय मिळणार होतं?

घरात पाऊल टाकलं, तर सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर मावशीची नात. लेक कामावर जाताना तिला इथे ठेवून जायची. सासूबाईंचं तोंड हलत होतं. त्यांनी तोंडातला घास बोटांवर घेतला, आणि पोरीने आ केला.

मावशीने हातातली पिशवी टाकली आणि सासूबाईंचं मनगट धरलं. एवढ्या संसारात त्यांना असा हात तिने कधी लावला नव्हता.

"आई, नका भरवू."

"का गं? चांगला मऊ केलाय. याच घासावर तुझा नवरा वाढवलाय मी."

मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. बोल बाबा, आता तरी बोल. तो दारातच उभा होता, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"त्या घासातूनच यांच्या पोटात जंतू गेला असेल, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे," मावशी म्हणाली. किती वर्षं वाटत होतं, की माझा दोष नाही हे ओरडून सांगू. आणि आवाज निघाला तो अगदी हळू. "तिखटाने काही झालेलं नाही."

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं.

"खरं आहे, आई," तो म्हणाला. "हिचा दोष नव्हता. कधीच नव्हता."

आता बोलला. केस पिकल्यावर! मावशीला त्याचा इतका राग आला, की ती नातीला उचलून तडक स्वयंपाकघरात गेली. ती सगळी वर्षं आता कोण परत देणार होतं? मागे वळून पाहिलं, तर सासूबाई बोटांवरचा घास तसाच धरून बसल्या होत्या. भरवायला पोरगी नव्हती, टाकवत नव्हता. शेवटी त्यांनी तो आपल्याच तोंडात घातला आणि गिळला.

संध्याकाळी मावशीने तेल तापवलं आणि मिरची टाकली. घरभर ठसका उठला. नवऱ्याला जखम भरेपर्यंत साधंच वाढलं. सासूबाईंनाही तसंच वाढायला ती वाकली, तर त्यांनी ताट मागे घेतलं.

"मला तुझ्यातलं वाढ."

पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाकातूनही. मावशीने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"तिखट झालंय का, आई?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसून त्यांनी दुसरा घास घेतला.