खिडकीतला कप

निपाणीच्या एका वाचनालयात बाहुबली वकील तासभर एका इंग्रजी कादंबरीतल्या बापावर बोलले. गावाचा रोष पत्करून काळ्या माणसाचं वकीलपत्र घेणारा तो बाप त्यांनी अगदी रंगवून सांगितला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या लेकीनं, श्रद्धानं, मात्र टाळी वाजवली नाही. आप्पांना बोलायला काय, जिभेला हाड असतंय व्हय?

घरी आले तर दलित वस्तीतला जोतिराम, त्यांचा पक्षकार, बाहेर कट्ट्यावर वाट बघत बसला होता.

"चहा टाक गं," आप्पा आत येऊन म्हणाले, आणि आवाज बारीक करून, "त्याचा कप खिडकीत हाय बघ."

"तुमच्या त्या भाषणातल्या बापानं ठेवला असता का असला कप?"

"लई शाणी झालीस. कोर्टात त्याच्यासाठी मीच उभा राहतोय न्हवं?"

"उपकारच की!" म्हणत श्रद्धानं खिडकीत पालथा घातलेला कप हिसकल्यासारखा उचलला. बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. घरातल्या कपांत तो मिसळू नये म्हणून सातवीत असताना तिनंच लावलेला. कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.