आजीच्या आजीचं लुगडं

शमें ग्रेनिए गावच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम रविवारी दोनला होता. चौऱ्याऐंशी साल. गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, मॉरिशसला आले त्याला दीडशे वर्षं होत होती. तुलसीराम गुरुजींनी सांगितलं होतं, प्रत्येक पोरानं आपल्याच घरातलं, जहाजातून उतरलेलं माणूस होऊन स्टेजवर यायचं.

इंद्राणी स्वेटरच्या कारखान्यात कामाला जायची. घरी आल्यावर तीन संध्याकाळी मशीनवर बसून तिनं सहा वर्षांच्या चंद्रिकासाठी लुगडं शिवलं. मांजरपाट चहाच्या पाण्यात उकळून जुनाट केलं, निऱ्या आणि कासोटा टाके घालून पक्के केले, कमरेत इलॅस्टिक ओवलं. लुगड्यावरून कमरेला बांधायला गोणीचा तुकडा, ऊस तोडणाऱ्या बाया बांधतात तसा. गिरमिटियांच्या गळ्यात नंबरचा पत्रा असायचा, तसा करायला सार्डिन माशांच्या डब्याचं झाकण घासून त्यावर खिळ्यानं नंबर ठोकला.

नंबर खरा होता. सासूच्या पेटीत सासूच्या आजीचा सरकारी कागद होता. सासू देवळात गेली असताना इंद्राणीनं न विचारता त्यावरून नंबर उतरवून घेतला होता.

सासूनं, वत्सलानं, आधीच बजावलं होतं, "राणी कर पोरीला. कुली नाय करायची."

रविवारी दहाला इंद्राणी इस्त्री करायला गेली, तर खिळ्यावर लुगडं नव्हतं. कपाटात नाही, पलंगाखाली नाही. नवरा, जयदेव, साखर कारखान्यात पाळीवर होता. परसात ती गेली तेव्हा वत्सला दगडावर बसली होती आणि लुगडं टबात बुडालेलं होतं. साबणाच्या फेसात चहाचा रंग सुटत होता.

"आई, हे काय केलंत?"

वत्सलाच्या मुठीत पत्र्याचं झाकण होतं. इतकं घट्ट, की कडेनं बोट कापून रक्त आलं होतं.

"माझी पेटी उघडलीस," ती म्हणाली. "चोरून."

"उघडली. तुम्ही दाखवला असता का कागद?"

"नाय."

"मग?" इंद्राणीचा आवाज चढला. "चार तासांत पोरीला स्टेजवर काय घालू? सगळी पोरं आपापल्या घरातले आजी-आजोबा होणार. हिच्याच घरात लाज वाटायला काय झालं?"

चंद्रिका दारात येऊन उभी होती. "आजी, तुझी आजी वाईट होती?"

वत्सलाच्या चेहऱ्यावरचा राग एकदम ओसरला.

"नाय गं. मी वाईट होते," ती म्हणाली. "दारात कुणी आलं की ती आधी नंबर सांगायची. नाव विचारलं तरी नंबर. साहेब आला, शेजारीण आली, तरी तेच. मी तुझ्याएवढी होते. पोरं जमवून तिची नक्कल करायचे. ती ऐकायची. मला कधी रागावली नाय."

इंद्राणीनं सासूच्या मुठीतून हळूच झाकण काढून घेतलं, बोटाला चिंधी गुंडाळली. मग लुगडं टबातून काढून पिळायला लागली. दुसरं टोक वत्सलानं धरलं.

उन्हात ते अर्धंच वाळलं. इस्त्री फिरवताना वाफ निघत होती. दीड वाजता लुगडं ओलसरच चंद्रिकाला नेसवलं, तेव्हा ती शहारली.

"नंबर नको घालायला," इंद्राणी म्हणाली.

"घाल," वत्सला म्हणाली. "पण कुणी हसलं तर मी पोरीला खाली उतरवणार. सांगून ठेवते."

हॉल भरला होता. वत्सला पहिल्या रांगेत, उठायच्या बेतात असल्यासारखी, खुर्चीच्या कडेवर बसली. चंद्रिका स्टेजवर आली, गोणी नीट केली आणि नंबर सांगू लागली. तिसऱ्या आकड्याला मागून दोन-तीन पोरं खिदळली.

चंद्रिका थांबली. वत्सला उठली. इंद्राणीनं तिचा पदर धरला, पण तो हातातून निसटला. हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या. वत्सला स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत गेली आणि तिथंच कठड्याला धरून उभी राहिली.

"पहिल्यापासून सांग," ती चंद्रिकाला म्हणाली. "सावकाश. नंबर झाला की नाव सांग. भागीरथी."

चंद्रिकानं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.