लाटेला वन्स मोअर

मी एक जुना, सपशेल पडलेला सिनेमा आहे. पत्र्याच्या डब्यांतली रिळं हेच माझं शरीर. माझ्यात काही धाडसी तरुण फळीवर उभे राहून डोंगराएवढ्या लाटांवरून घसरत जातात. त्यातली सगळ्यात मोठी लाट टिपताना कॅमेरावाला बुडता बुडता वाचला हो! आणि शहरातले लोक काय म्हणाले? "यात गोष्ट कुठाय? नुसतं पाणीच पाणी!" आठवड्याच्या आत मला थिएटरातून काढलं. लई लागलं मनाला.

मग गावोगावी तंबूत सिनेमे दाखवणाऱ्या गहिनीनाथने मला उचललं. धर्मापुरीजवळच्या एका गावात त्याचा तंबू लागला. साल दुष्काळाचं. विहिरींचे तळ उघडे पडलेले. सहकारी साखर कारखान्याचा टँकर एक दिवसाआड यायचा. बायका सकाळीच चौकात हंडे रांगेत मांडून ठेवत. ज्याचा हंडा पुढे, त्याचा नंबर पुढे. टँकरचा भोंगा वाजला की सगळे धावत सुटत. त्या दिवशी मात्र टँकर दिवसभर आलाच नाही. दिवस मावळला, तेव्हा हंडे तिथेच ठेवून सगळं गाव तंबूत आलं.

आणि पडद्यावर लाट उठली!

"आई आई गं!" केशरबाई ओरडल्या. "येवढं पानी हाय जगात?" त्यांची सून घरी ओली बाळंतीण, माठात तांब्याभर पाणी; तरी त्यांना जागचं उठवेना. लोकांनी टोप्या उडवल्या, शिट्ट्या मारल्या. "वन्स मोअर! लाट पुन्यांदा दाव बे!" गहिनीनाथने रीळ मागे फिरवलं. पुन्हा लाट, पुन्हा वन्स मोअर. कर्ण्यातून समुद्र असा गरजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक होत होतं. मी तर हवेतच होतो.

खेळ सुटला. लोक चौकात आले आणि जागीच थिजले. हंडे रांगेत, कोरडे ठणठणीत. धुळीत चाकांच्या ताज्या खुणा. चौकात बाजेवर पडून असणारे म्हातारे आप्पाराव कडाडले, "भोंगा वाजवू वाजवू थकला त्यो डायवर! गेला पुढच्या गावाला. कुठं मेलते सगळे?"

मला धक्काच बसला, मित्रांनो. माझ्या लाटांनी तो भोंगा गिळला होता! केशरबाई रिकामा हंडा छातीशी धरून मटकन खाली बसल्या. शेवटी घराघरांतून पेला-पेला पाणी आलं, त्यावर बाळंतीण सून आणि बाळाची रात्र निघाली.

आता मला जाळणार, असंच वाटलं. सकाळी गहिनीनाथ घाबरून तंबू सोडू लागला, तर केशरबाईच समोर आल्या.

"तंबू कावून सोडतूस, बाबा? लाटा दाव. पर आवाज बंद कर. टँकर कवा यील नेम न्हाई, त्यो ऐकू आला पायजे."

त्या संध्याकाळी मी मुका चाललो. एवढाल्या लाटा फुटत होत्या आणि तंबूत कुणी खोकतसुद्धा नव्हतं. सगळ्यांचे डोळे पाण्यावर, कान रस्त्याकडे. मित्रांनो, तुमच्या घरचा नळ टपकत असेल तर उठा आणि घट्ट बंद करा. एक भोंगा ऐकू यावा म्हणून त्या माणसांनी अख्खा समुद्र गप्प बसवला होता.