माळ्यावरचं समुद्रगवत

लुनेनबर्ग गावातला हिवाळा माझ्या बाळासह बाबांच्या घरातच काढायचा की घर विकायचं, हे माळ्यावरच्या उबेवर ठरणार होतं. घर तपासायला आलेले म्हातारे कॉर्कम वरून ओरडले, "अगं हेटी, तुझा बाप वेडा होता का? थंडी अडवायला किनाऱ्यावरून आणून वाळवलेलं सगळं गवत एकाच खोलीवर, आणि शेजारच्या खोलीवर नुसत्या फळ्या!"

"गवत कुठल्या खोलीवर आहे?"

"पूर्वेच्या."

ती माझी. शेजारची बाबांची. ते लोकरीची टोपी घालून झोपायचे आणि मी त्यांना 'म्हातारा सील' म्हणून चिडवायचे. तेही सीलसारखं भुंकून दाखवायचे.

"अर्धं इकडे पसरू का?" कॉर्कमनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "बाळ पूर्वेच्या खोलीत झोपेल. बाबांची टोपी माझ्याकडे आहे."