नसलेलं फाटक

मबेनाबाबांच्या अंगणातलं लोखंडी फाटक भंगारवाला घेऊन गेला त्याला कितीतरी महिने झाले, तरी दुपार कलली की ते वाजायचं. आधी हळूच, मग कुणीतरी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवल्यासारखं. मी समोरच राहते. भुताखेतांची मला भीती वाटत नाही, राग येतो. जिवंतपणी ज्याची हाक कुणी ऐकली नाही, त्याने मेल्यावरही ओरडतच राहायचं म्हणजे काय? मी रोज दार लावून रेडिओ मोठा करायची.

त्या अंगणात मागच्या बाजूला पत्र्याची खोली होती. तिच्यात भाड्याने राहायचा जोसियास चिलाउले, मोझांबिकहून आलेला गवंडी, आणि त्याची बायको सेलेस्त. सेलेस्त आणि मी टॅक्सी थांब्यावर मग्विन्या, म्हणजे पिठाचे गोळे, तळून विकायचो. ती पीठ मळायची, मी गिऱ्हाइकांशी भांडायची. आमच्याच वस्तीतली माणसं ‘परके हाकला’ म्हणत मागच्या बोळात जमली आणि भिंतीवरून पेटत्या बाटल्या फेकू लागली, तेव्हा ती माझ्याबरोबर थांब्यावर होती, म्हणून वाचली. जोसियास खोलीतून निसटून फाटकापर्यंत पोचला. फाटकाला कुलूप होतं. धुराने तो तिथेच कोसळला. मबेनाबाबा विटबँक शहरात बहिणीकडे गेले होते आणि किल्ली त्यांच्याजवळ होती, असं ते सांगत. आम्हीही तसंच धरून चाललो होतो.

नंतर सरकारने पुष्कळ केलं, खोटं का बोलू. प्रांताच्या कचेरीतून दित्सेगो साहेब आले. बाटल्या फेकणाऱ्यांवर खटले भरले, जोसियासचा देह गावी पोचवला. पळून गेलेल्या कुटुंबांना परत आणायचं ठरलं, तेव्हा साहेब आणि मबेनाबाबा जोडीने दारोदार हिंडले. वस्तीच्या समितीचे प्रमुख बाबाच होते. जळलेल्या जागी विटांच्या खोल्या उभ्या राहणार होत्या. पण गवंडी दुपारपर्यंतच काम करायचे. फाटक वाजलं की थापी टाकून पळायचे.

“खाली जुन्या खाणी आहेत,” साहेब म्हणाले. “जमीन हादरत असेल.”

“खाण हाक मारते का हो, साहेब?” मी विचारलं. “‘बाबा, उघडा’ म्हणते?”

“मा-सिबिया, तुम्ही ऐकलंत?”

“तुम्हीही ऐकलंत. नाहीतर घाम कशाला पुसताय?”

खरे हाल सेलेस्तचे होते. नवऱ्याला गावी पुरलं, पण सासूच्या स्वप्नात तो रोज एका फाटकाशी उभा. म्हातारीने निरोप धाडला, ‘माझा मुलगा इथे आलेलाच नाही. त्याला घेऊन ये, मग तुझी मुलं तुझ्या हवाली करते.’ मुलं तिकडे, आणि ही माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

उपाय मबेनाबाबांनीच काढला. त्यांचे डोळे तेव्हा खोल गेले होते, झोप उडाली होती. आमच्यात माणूस घराबाहेर मेला, तर जिथे मेला तिथून त्याला रानबोरीच्या फांदीवर बसवून घरी नेतात. फांदी रक्ताच्या माणसाने धरायची. बोलायचं ते फक्त मेलेल्याशी. वळण आलं, नदी आली, की त्याला सांगायचं. बसमध्ये त्याचं तिकीट काढायचं. आणि फांदी निघाली की बाकी सगळ्यांनी तोंड मिटून उभं राहायचं. मेलेला कुणालाही हाक मारतो, आणि ओ देणाऱ्याच्या तोंडून त्याला जिवंतपणी दिलेलंच उत्तर निघतं.

साहेबांनी बसची सोय केली. ‘मृतासाठी एक सीट’ असं लिहिताना त्यांचं पेन जरा अडखळलं, पण त्यांनी लिहिलं. हा माणूस मला तिथे आवडला.

जोसियासचा धाकटा भाऊ फेनियास आला. ऊन उतरायला लागलं होतं. सगळी वस्ती रस्त्याच्या कडेने उभी, पुढे साहेब, मबेनाबाबा आणि समितीची माणसं. फेनियासने जळक्या जमिनीवर फांदी टेकवली.

“दादा, मी फेनियास. चल घरी. आई जेवायची थांबलीय.”

फांदी उचलून तो निघाला आणि फाटकाच्या जागी येऊन अडकला. तिथे दोन खांब होते, मध्ये काहीच नव्हतं. तरी काटे कशात तरी रुतल्यासारखी फांदी पुढे येईना. फेनियास चांगला दांडगा, पण त्याचे दंड थरथरायला लागले. रस्त्यावरची कुत्री उठून निघून गेली. मग खडखडाट सुरू झाला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या रिकाम्या हवेतून. माझ्या पायाखालची माती त्याच्याबरोबर हलत होती. सेलेस्तने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी वाकली.

आणि मबेनाबाबा बोलले. घाईत असलेला माणूस घरातून ओरडतो तसे.

“आलो, आलो रे! किल्ली सापडत नाहीये!”

खडखडाट थांबला. बाबांनी दोन्ही हात तोंडावर दाबले, पण शब्द बाहेर पडला होता. विटबँकला असलेला माणूस असं बोलत नाही, हे कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही.

सेलेस्तने माझा हात सोडला.

“बाबा, तुम्ही घरात होता.”

“पोरी, त्याला सोडलं असतं तर त्यांनी माझं घर जाळलं असतं. मी किल्ली शोधत होतो.”

“कुठे होती किल्ली?”

बाबांनी शर्टाच्या आतून दोरा ओढला. किल्ली गळ्यात होती.

“उघडा,” ती म्हणाली.

“तिथे फाटकच नाही गं आता.”

“माझ्या नवऱ्यासाठी आहे. उघडा.”

बाबा पाय ओढत गेले. हवेत किल्ली धरली आणि फिरवली. कुलूप उघडल्याचा आवाज मी ऐकला. साहेबांनीही ऐकला, त्यांनी टोपी काढली. फेनियास एकदम पुढे कोलमडला, मग हळूहळू वाकला. भरल्या अंगाचा माणूस पाठीवर घेतल्यासारखा.

“चल दादा,” तो रडत म्हणाला. “डावीकडे वळतोय बघ.”

बाबांनी किल्ली सेलेस्तपुढे धरली. तिने हात मागे घेतला.

“ते निघाले. आता त्यांना नको. तुमच्याकडेच राहू दे.”

मी बसमध्ये मग्विन्याची पुडी द्यायला चढले. खिडकीच्या सीटवर फांदी होती, आणि तिच्याखालची गादी खोल दबलेली. मी पुडीत आणखी एक घातला.

खाली उतरले तेव्हा दित्सेगो साहेब बाबांना गाडीकडे नेत होते.

“समितीचं काय होणार, साहेब?” बाबा विचारत होते.

“खरं सांगणं हेही समितीचंच काम आहे, बाबा. पोलीस ठाण्यात मी तुमच्याबरोबर बसतो.”

साहेबांनी मागचं दार लावलं. लगेच बाबा आतून काचेवर दोन्ही हातांनी ठोकायला लागले. “उघडा,” म्हणत होते, “बाबा, उघडा.” आवाज त्यांचाच होता, पण बोलण्याची ढब मोझांबिकची, जोसियासची होती. तो बसमध्ये होता, त्याची हाक मात्र बाबांपाशी राहिली होती. साहेबांनी दार उघडलं आणि तसंच धरून उभे राहिले. मलाही राहवलं नाही. रस्ता ओलांडून गेले आणि दुसऱ्या बाजूचं दार मी उघडून धरलं.