वैऱ्याने वाचलेलं नाव

मित्रांनो, जुना म्हणून मला हिणवू नका. मी फिरकीचा पितळी तांब्या आहे. माझं झाकण फिरवून घट्ट बसवलं की प्रवासात मी आडवा पडलो तरी पाण्याचा थेंब सांडत नाही. हल्लीच्या प्लास्टिकच्या बाटल्या एका उन्हाळ्यात चेमटतात आणि उकिरड्यावर जातात. त्यांच्या पंगतीला मला बसवू नका.

निजामाच्या राज्यात बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याने मला युसूफ वडगावच्या बाजारातून घेतलं. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीतच आहे, नाहीतर लग्नकार्यात भांडी बदलतात. नाव घालणाऱ्याला तेव्हा उर्दू अक्षरंच येत होती. त्याने ठोकून ठोकून माझ्या बुडावर ‘बद्रीनाथ’ कोरलं. घरात ते कोणालाच वाचता येत नव्हतं, पण आपला तांब्या ओळखायला तेवढी खूण पुरे होती.

बद्रीनाथचा मुलगा आश्रुबा फौजेत गेला, तेव्हा आईने मला त्याच्या ट्रंकेत ठेवलं. आश्रुबाहून मी वयाने मोठा, म्हणून त्याला अरेतुरेच करतो. एकाहत्तर सालच्या डिसेंबरात पूर्वेकडे पाकिस्तानी फौजेने हत्यारं खाली ठेवली. त्या कैद्यांची एक आगगाडी छावणीपर्यंत पोचवायचं काम आश्रुबाच्या तुकडीकडे आलं.

हरलेल्या फौजेचं काय होतं, ते मी त्या गाडीत पाहिलं. स्टेशनांवर गर्दी जमायची. ज्यांनी जन्मात बंदूक धरली नव्हती, तेच पुढे होऊन डब्यांवर दगड मारायचे. समोरच्याचे हात रिकामे झाले की असल्या शूरांच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं. आणि त्या कैद्यांचे साहेब तरी कुठे मोठे थोर होते? आश्रुबाने मला भरून एका साहेबाला दिलं. तो पोटभर प्याला आणि उरलेल्या पाण्याने त्याने हात धुतले. त्याचाच एक जखमी शिपाई कोपऱ्यात कोरडे ओठ चाटत बसला होता. असल्या माणसाच्या हुकमावर त्या बिचाऱ्याने रक्त सांडलं होतं. मला तर त्या साहेबाच्या तोंडाला लागल्याचीच किळस आली.

आश्रुबाने मला विसळलं, पुन्हा भरलं आणि त्या शिपायापुढे धरलं. पाणी पिऊन झाल्यावर शिपायाने मला उलटं केलं आणि बुडावर बोट ठेवलं.

“ये बद्रीनाथ कौन है?”

आश्रुबा बघतच राहिला. त्याच्या बापाचं नाव आजवर कोणी वाचलं नव्हतं. ते वाचलं ते वैऱ्याने.

“मेरा बाप,” तो म्हणाला.

“उनको मेरा सलाम बोलना.”

पुढच्या स्टेशनवर त्याला दुसऱ्या गाडीत चढवलं. तो तारेच्या कुंपणाआड किती दिवस राहिला, घरी पोचला की नाही, मला ठाऊक नाही. हरलेल्या शिपायाची खबर कोणी ठेवत नाही.

आता आश्रुबा म्हातारा झाला आहे. वडगावजवळच्या आमच्या वाडीत यंदा त्याचा पुतण्या बजरंग सरपंच झाला. निवडून आल्याबरोबर त्याने पहिलं काम केलं, ते म्हणजे हरलेल्या तानाजीच्या आळीचा पाण्याचा टँकर बंद केला. एकदा घरी आला असताना त्याने माझं बूड पाहिलं.

“आबा, ह्यो तर पाकिस्तानी तांब्या हाय. लढाईत हिसकावून आणला आसंल तुमी.”

“न्हाई रं. माझ्या बापाचा हाय.”

“तुमाला आता आठवत न्हाई, आबा.”

त्याच्या आजोबाच्या जमिनीचे जुने कागदही ह्याच अक्षरांत होते, हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं. त्याने माझ्यासाठी काचेची पेटी करून घेतली आणि वर पाटी लावली, ‘शत्रूकडून जिंकलेला तांब्या’. त्यासाठी आश्रुबाचा सत्कारही ठरवला, आणि आश्रुबाने नुसती मान डोलावली.

“त्येच्या खोट्यात मान डोलावून बापाचं नाव बुडवता व्हय?” आश्रुबाची बायको जानकीबाई म्हणाली.

“तोंड उघडलं तर आपला बी टँकर बंद करंल त्यो. लांबच्या हिरीवरून पाणी कोन आननार?”

पाणी तिलाच आणावं लागणार होतं. ती उठून चुलीकडे वळली.

एक मेला झेंडावंदनानंतर सत्कार होता. मी टेबलावर, पेटी शेजारी. आश्रुबाला फेटा बांधला होता. तेवढ्यात तानाजी हार घेऊन आला. आळी तहानलेली, म्हणून बिचारा शरण आला होता. बजरंगने त्याला मांडवाबाहेर भर उन्हात उभं केलं.

“काय रं तान्या, जिरली का? थांब तितंच.”

लोक खो खो हसले. स्टेशनावर दगड मारणारेच मला तिथे पुन्हा दिसले. फरक एवढाच, की ह्यांच्या डोक्यावर फेटे होते.

आश्रुबा उठला. त्याने मला जारच्या गार पाण्याने भरलं, उन्हात गेला आणि मला तानाजीपुढे धरलं.

“आबा, त्यो तांब्या पेटीत ठिवायचाय,” बजरंग माइकवरून ओरडला.

“ह्यो माझ्या बापाचा तांब्या हाय. बद्रीनाथाचा,” आश्रुबा म्हणाला. “ह्येच्यातून म्या हरलेल्या वैऱ्याला पानी पाजलंय. ह्यो ताना तर आपल्याच गावचा हाय. पी, ताना.”

तानाजी प्याला. मांडवात कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमचाही टँकर बंद झाला. पेटी पंचायतीत रिकामीच आहे, आणि बजरंग पाहुण्यांना ती पाटीसकट दाखवतो. त्या पेटीत आता त्याच्या अकलेइतकाच ऐवज आहे. जानकीबाई लांबच्या विहिरीवरून पाणी आणते. तिने अजून एकदाही कुरकुर केलेली नाही. चिंच लावून मला घासताना तिचा अंगठा बुडावरच्या अक्षरांवरून फिरतो. तिला ती वाचता येत नाहीत, पण तिथे ती जरा हलक्या हाताने घासते.

मित्रांनो, जुन्या भांड्यांची निगा राखा, माझी फिरकी जाम होऊ देऊ नका. पण मला काचेत बसवू नका. मला भरा आणि तहानलेल्यापुढे धरा. आणि कोणी हरून आला असेल, तर आधी त्याच्यापुढे.